दूषित नमुना

"तू भिंतीला हात लावलास."

"नाही लावला."

"दिगू, टेकला असशील, घाम पुसला असशील. काय केलंस ते सरळ सांग."

"अगं, मी दहा फूट लांब उभा होतो. त्या नमुनेवाल्या पोरीनं दोरी बांधली होती. ओलांडली असती तर तिनं भिंतीऐवजी मलाच भोक पाडलं असतं."

पुण्याच्या प्रयोगशाळेच्या कॅन्टीनमध्ये स्वरूपा अवघडे फोन कानाला धरून उभी होती. ताटातली मटकी निवत होती. समोरच्या पडद्यावर दोन माणसं भांडत होती. आवाज बंद होता, तरी विषय कळत होता. गेली चार वर्षं महाराष्ट्रातल्या सगळ्या पडद्यांवर माणसं याच विषयावर भांडत होती.

मेलेल्यांचं देणं जिवंतांनी का फेडायचं?

मेलेल्यांनी मिळवलेलं जिवंत अजून खात असतील, तर का नाही फेडायचं?

"नोटीस वाच," ती म्हणाली.

दिगंबरनं वाचली. गावच्या शाळेत तो हेडमास्तर होता, त्यामुळे स्वतःवरचा आरोपसुद्धा त्यानं शब्द नीट उच्चारून वाचला. हिवरखोल येथील मोठ्या बारवेच्या गिलाव्यातील नमुना अर्जदाराच्या निकटच्या रक्ताने दूषित आढळला आहे. सबब दावा का फेटाळू नये, आणि नमुन्यात फेरफार केल्याबद्दल अर्जदारावर गुन्हा का नोंदवू नये, याचा खुलासा शुक्रवारी समक्ष करावा.

"आपल्या सगळ्या वस्तीचा दावा आहे तो," दिगंबर म्हणाला. आता आवाज हेडमास्तरांचा नव्हता. "बारवेच्या पाण्यासाठी वीस वर्षं झगडतोय मी. स्वरू, तुमचंच यंत्र आहे ना ते?"

तिचंच होतं.

*

कायदा असा, दोन हजार त्रेचाळीसचा.

दोनशे-अडीचशे वर्षांपूर्वी या मुलखात माणसं विकली जात. बटकी, कुणबिणी, पोरगे. जुन्या दप्तरांत त्यांची नोंद सापडते ती म्हशी आणि तांब्याच्या हंड्यांच्या शेजारी. नावं बहुतेकदा सापडत नाहीत. मग वारस शोधणार कसे? आणि शोधले, तरी द्यायचं काय? विधिमंडळानं पुष्कळ आदळआपट करून शेवटी ठरवलं की पैसे द्यायचे नाहीत. त्या माणसांनी जे बांधलं त्यातच त्यांच्या वारसांना वाटा द्यायचा. तट, घाट, तळी, बारवा. हिवरखोलच्या बारवेभोवती आता इनामदारांचं हॉटेल होतं, बारवेचं पाणी हॉटेलच्या हिरवळीवर जात होतं, आणि वस्तीला चार दिवसांनी टँकर येत होता. दावा मंजूर झाला असता तर पाणी वस्तीच्या नावावर झालं असतं.

आणि वारस शोधणार होता चुना.

चुन्याचं असं असतं की तो दगडापासून होतो आणि पुन्हा दगडच होतो. चुनखडी भाजायची, भाजलेली पाण्यात विरवायची, मळायची, भिंतीला लावायची. हवेतला कार्बन वायू शोषून घेत तो वर्षभरात परत कडक होतो. तो कडक होत असताना त्याच्यात जे सापडेल ते कायमचं अडकतं. पूर्वी उत्तम गिलावा तळहातानं घोटत असत, आरशासारखा चकाकेपर्यंत. ओला चुना कातडी जाळतो. घोटणाऱ्याच्या तळव्याची सालपटं त्या थरात जात, आणि सालपटांतल्या पेशींमधला डीएनए चुन्याच्या स्फटिकांना चिकटून तिथंच राही. पाऊस, पाणी, शेवाळ, काही त्याच्यापर्यंत पोचत नसे.

स्वरूपाच्या प्रयोगशाळेनं तो परत बाहेर काढायची युक्ती शोधली. वरचा थर आम्लानं धुऊन टाकायचा, खालचा हळूहळू विरघळवायचा, मिळालेले तुकडे जुळवायचे, आणि जिवंत माणसांच्या रक्ताशी ताडून पाहायचे. आठ-नऊ पिढ्यांपूर्वीच्या बाईचा वारसा आपल्यात अर्धा टक्कासुद्धा उरलेला नसतो. दर पिढीला अर्धं गळतं. म्हणून जुळणी बारीक असते, चिमूटभर. ती जास्त निघाली तर समजायचं की कुणीतरी आजच्या माणसानं हात लावलाय.

जास्त म्हणजे किती? सहा टक्के. त्याच्या वर काही आलं की यंत्र लाल शिक्का मारायचं: दूषित.

हा सहाचा आकडा स्वरूपानं घातला होता. एका बैठकीत. चहा यायच्या आत.

*

दिगंबरची जुळणी पंचवीस टक्के होती.

*

बहीणभावाचं या कायद्यावरून कधीच पटलं नव्हतं.

"रक्त मोजून हक्क द्यायचा?" ती म्हणायची. "जातीनं दुसरं काय केलं होतं रे?"

"जातीनं मोजलं ते घ्यायला," तो म्हणायचा. "हे मोजतात ते द्यायला. तुला फरक दिसत नाही, कारण तुझ्या नळाला चोवीस तास पाणी आहे."

गुरुवारी सकाळी ती एसटीतून उतरली तेव्हा दिगंबर फाट्यावर मोटरसायकल घेऊन उभा होता. तिनं नमस्कार-चमत्कार काही केला नाही. मागं बसली आणि म्हणाली, "आधी बारव."

"चहा तरी..."

"बारव."

हॉटेलच्या पहारेकऱ्यानं अडवलं, दिगंबरनं दावे तपासणाऱ्या प्राधिकरणाचं पत्र दाखवलं, पहारेकऱ्यानं ते उलटं धरून वाचलं आणि सोडलं. दोघं पायऱ्या उतरले. नमुन्याचं भोक अगदी खाली होतं, शेवटच्या पायरीच्या मागं, कमान आणि भिंत यांच्यामधल्या सांदीत. स्वरूपानं हात घालून पाहिला. मनगटाशीच अडकला.

"इथून का घेतला नमुना?"

"ती पोरगी म्हणाली, गिलावा इथंच शाबूत आहे. बाकी सगळीकडं पर्यटकांनी नावं कोरलीत."

स्वरूपाचा हात अजून सांदीत होता. दिगंबरचा पंजा तर तिच्या दीडपट. मग भिंतीला टेकलं कोण? कसं? आणि वरवर टेकलेलं असतं तर पहिल्याच आम्लात धुऊन गेलं असतं. पेशी थराच्या पोटात होत्या, स्फटिकांच्या आत. चुना ओला असताना गेलेल्या.

ओला असताना.

तिनं पायरीवर बसूनच प्रयोगशाळेला फोन लावला. उरलेल्या नमुन्यातल्या कार्बनचं वय काढा, म्हणाली. आत्ता. हो, कायद्यात ती चाचणी नाही, माहीत आहे. कायद्यानं बारवेचं वय दप्तरातून घेतलंय, भिंतीला कुणी विचारलेलंच नाही.

याची युक्ती सोपी आहे. गेल्या शतकात मोठ्या देशांनी उघड्यावर अणुबॉम्ब फोडून पाहिले, तेव्हा जगाच्या हवेतला किरणोत्सारी कार्बन एकदम दुपटीच्या आसपास गेला. मग चाचण्या थांबल्या आणि तो वर्षावर्षाला उतरत गेला. त्या काळात जे जे हवा पिऊन वाढलं किंवा घट्ट झालं, झाडाचं खोड, माणसाचा दात, भिंतीचा चुना, त्या प्रत्येकावर त्या वर्षाची खूण आहे.

दुपारी उत्तर आलं. एकोणीसशे बहात्तर ते चौऱ्याहत्तर.

"दुष्काळ," दिगंबर म्हणाला.

"बारव आटली असणार. आटलेली असतानाच गिलावा करता येतो." ती बोटं मोजत नव्हती, तरी बोटं हलत होती. "पंचवीस टक्के म्हणजे आजी, आजोबा, काका, आत्या. आजी बाबांच्या जन्माच्या वेळीच गेली, सदुसष्टला. आजोबांचा पंजा त्या सांदीत जाणार नाही. काका नाहीच आपल्याला, आणि आईकडचं कुणी या गावचं नाही."

दिगंबरनं मोटरसायकलची किल्ली काढली. वरून हॉटेलच्या भोजनगृहातला चमच्यांचा आवाज येत होता.

*

गजराआत्या स्वयंपाकघरात लसूण सोलत होती. शहाऐंशी वर्षांची; दुष्काळाच्या साली अकराची. नवरा वारल्यावर ती भावाकडे आली, रंगनाथ मास्तरांकडे, आणि तिनं त्यांची मुलं, दिगंबर आणि स्वरूपा, वाढवली. मग दिगंबरची मुलं वाढवली. आता ती मुलंही पांगली होती, दिगंबरची बायको तालुक्याला नोकरीला होती, आणि आत्या लसूण सोलत होती.

"आलीस? वाळलीस गं. पुण्यात खायला मिळत न्हाई का मोजून खाता?"

"आत्या, हात बघू."

"ज्योतिष शिकलीस व्हय आता?"

स्वरूपानं तिचा उजवा तळवा उघडला. हा हात तिनं हजार वेळा धरला असेल. त्यावर रेषा नव्हत्या. नदीतल्या गोट्यासारखा गुळगुळीत, फिकट. रेशनच्या यंत्राला आत्याचा अंगठा कधी पटला नव्हता. सगळं घर त्याच्यावर हसायचं, आत्या सगळ्यांत मोठ्यानं. सरकारच्या लेखी मी जन्मलेच न्हाई, म्हणायची.

"बारवेत कधी उतरली होतीस?"

"कुटल्या बारवेत?"

"आत्या, गावात एकच बारव आहे."

"दिगूला च्या टाक. सकाळपास्नं हिंडतोय तो."

"टाकते. उतरली होतीस?"

आत्यानं एक पाकळी सोलली. दुसरी सोलली. तिसरीला नख लागेना.

"बहात्तर साली तळ दिसला बारवेचा," ती म्हणाली. "इनामदार म्हणला, कोरडी हाय तवर लिंपून घिऊ. खाली पायरीमागं लई अरुंद. मोठ्या बाईचा हात जात न्हवता. मग आमा पोरींना घातलं. दिस उगवला की घोटायचं, मावळला की थांबायचं. चुना हात खातो. म्हणून राखेत धरायचो."

"मजुरी काय होती?"

"मजुरी?" आत्याला खरंच हसू आलं. "गहाण टाकल्यालीला मजुरी असती व्हय गं? बापानं मला ठिवलं त्यांच्याकडं. दोन पोती ज्वारी आणली. आन रंगाला इनामदारानं तालुक्याच्या बोर्डिंगात घातलं, तेबी त्यातच. मी हितं, रंगा शाळंत. असं ठरलं हुतं."

"बाबांना माहीत होतं?"

"सुट्टीत यायचा की. इनामदाराच्या मागल्या दारी उभा ऱ्हाऊन मला पाढे म्हणून दावायचा. एकोणतीसचा त्याला कदी आला न्हाई."

"कधी सुटलीस मग?"

"लगीन झालं तवा. इनामदारानंच लावून दिलं."

दारात दिगंबर उभा होता. त्याला लहानपणापासून माहीत होतं की आत्या इनामदाराकडे कामाला होती. सगळ्या वस्तीला माहीत होतं. कामाला होती, असंच म्हणत. वस्तीतलं कोण कामाला नव्हतं?

भिंतीवर रंगनाथ मास्तरांचा हार घातलेला फोटो होता. वस्तीतला पहिला पदवीधर.

*

"हे बोलायचं नाही उद्या."

"दिगू, तुझ्यावर गुन्हा लागतोय."

"लागू दे."

अंगणात ते दोघं उभे होते, आवाज दाबून, आणि दाबलेला आवाज जास्तच लांब जात होता.

"विचार कर जरा," दिगंबर म्हणाला. "कायदा अठराशे त्रेचाळीसपर्यंतच्या गुलामीचा. त्यानंतर या देशात गुलाम नव्हताच, असं कायदाच म्हणतो. तू उद्या उभी राहून सांगशील, साहेब, हा हात बहात्तरचा. संपला दावा. आणि वर इनामदारांचा तो पेंढारकर वकील काय विचारेल? मुलीला ठेवलं कुणी? बापानं. कुणाच्या बापानं? अर्जदाराच्या आजोबानं. इनामदार सुटला, आणि पोरगी विकणारा आपला आजा ठरला. वीस वर्षं मी त्यांच्याकडं बोट दाखवतोय, स्वरू. ते बोट वळून माझ्याच डोळ्यात जाईल."

"मग काय करू? हात तूच लावला म्हणू?"

"म्हण ना. मी जातो आत. दुसरा नमुना मागू, जुन्या थरातला. दावा जिवंत राहील. एक माणूस आत गेला तर काय झालं?"

"आणि आत्या?"

"आत्याला कोण विचारतंय?"

तो बोलून गेला आणि त्यालाच ते ऐकू आलं. त्यानं मान फिरवली. अंगणातल्या दोरीवर आत्यानं सकाळी धुतलेले त्याचे सदरे वाळत होते.

स्वरूपाला तिचा तो आकडा आठवत होता. सहा. ती तेव्हा काय धरून चालली होती? अन्याय जुना असतो, हे. जुना, बारीक, दर पिढीला अर्धा होत गेलेला. चिमूटभर उरलेला असेल तरच खरा. ढीगभर सापडला तर यंत्राचं चुकलं, नाहीतर गरिबानं लबाडी केली. तिनं यंत्राला हे शिकवलं होतं आणि यंत्रानं जिल्ह्याजिल्ह्यांतून शिक्के मारले होते. त्या लाल शिक्क्यांमागं कोण होतं? कुणाची आत्या? कुणाचा मामा? नाकारलेल्या फायली कुणी पुन्हा उघडत नसत.

आत भांडं आपटलं.

"कुजबुजू नगासा," आत्या आतून म्हणाली. "मला ऐकू कमी येतं, पर तुमचं आल्यालं हाय. उद्या मी येनार."

"आत्या, तुला तिथं काय काय विचारतील..."

"इचारू दे की. आजवर इचारलं का कुनी?"

*

तहसील कचेरीचं सभागृह. एका बाजूला अर्जदारांचं बाक, समोर प्रतिवादींचं. मध्ये टेबलामागं प्राधिकरणाच्या अधिकारी श्रीमती खासनीस. पंखा गरगरत होता, वारा त्यांना एकट्यांनाच लागत होता.

प्रतिवादींच्या बाकावर इनामदारांचे वकील पेंढारकर एकटेच होते. इनामदार आलेच नव्हते.

स्वरूपा पहिल्यांदा उठली. चुना, स्फटिक, कार्बन, सगळं सांगितलं. मग म्हणाली, "नमुना दूषित नाही. सहा टक्क्यांची मर्यादा चुकीची आहे. ती मी घातली होती. चुना घोटणारं माणूस अजून जिवंत असेल, हे माझ्या डोक्यात आलं नाही. राज्यात ज्या ज्या नमुन्यांवर हा शिक्का पडलाय ते सगळे परत उघडावेत, असं मी लेखी देते आहे."

"तुमची नोकरी जाईल, मॅडम," खासनीस हळूच म्हणाल्या. धमकी नव्हती ती.

"जाईल बहुतेक."

पेंढारकर उठले. "म्हणजे अर्जदारांच्याच तज्ज्ञ भगिनी सांगतायत की हा हात दोनशे वर्षांपूर्वीचा नाही. आभारी आहे. दावा इथंच संपतो. राहता राहिला मुद्दा बालमजुरीचा. आजी, तुम्हाला इनामदारांनी ओढून नेलं होतं का?"

"न्हाई."

"मग तिथं ठेवलं कुणी?"

"बापानं."

"बापानं," पेंढारकर सभागृहाकडे वळून म्हणाले. दिगंबरनं डोळे मिटले.

"व्हय, बापानं ठिवलं," आत्या म्हणाली. "चार दिस चूल पेटली न्हवती. त्यानं ठिवलं. पर वकीलसायेब, ठिवून घेतलं कुनी? त्याच्या घरात तर ज्वारी हुती."

पेंढारकरांनी कागद चाळले. पाहिजे तो कागद सापडला नाही.

"हे कामकाजात घ्या," खासनीस कारकुनाला म्हणाल्या. मग चष्मा काढून त्यांनी आत्याकडे पाहिलं. "आजी, अडचण सांगते. हा कायदा मयत गुलामांच्या वारसांसाठी आहे. तुम्ही स्वतः... म्हणजे, तुम्ही हयात आहात. हयात व्यक्तीसाठी यात तरतूदच नाही."

"मग मरून येऊ का?"

कुणीतरी हसलं आणि लगेच गप्प झालं.

"फेरफाराचा आरोप मी काढून टाकते," खासनीस म्हणाल्या. "दावा मात्र राखून ठेवावा लागेल. वर लिहिते मी. तरतूद नाही म्हणून माणूस नाही असं होत नाही, असं लिहिते. पण लिहायचं तर मागणी काय ते हवं. तुम्हाला काय हवंय, आणि कुणाकडून?"

दिगंबर पुढं झुकला. बारव, त्यानं ओठांनीच सांगितलं. पाणी.

आत्यानं त्याच्याकडे पाहिलं. मग स्वरूपाकडे. आणि म्हणाली, "इनामदाराचं सांगनारच हाय मी. बारव तर पायजेच. ते लिवा. पर आदी घरचं सांगू का? चालतं का तुमच्यात?"

"घरचं म्हणजे?"

"मी तितं ऱ्हायले म्हनून रंगा शिकला. रंगा शिकला म्हनून ही दोगं शिकली. ह्यो हेडमास्तर झाला, ही यंत्र करती. मला आंगठा उठत न्हाई." तिचा आवाज चढला नव्हता. लसूण सोलताना बोलायची तसंच ती बोलत होती. "मी इनामदाराकडनं सुटले, सासरी राबले, तितनं सुटले ती भावाच्या चुलीम्होरं बसले. आजूनबी तितंच हाय. कुनी मारलं न्हाई मला. माया केली. पर कुनी इचारलं न्हाई, गजरा, तुला काय पायजे हुतं. मला शाळंत जायाचं हुतं. एकोनतीसचा पाढा मला येतो."

कारकून लिहीत होता.

स्वरूपाला काहीतरी बोलायचं होतं. तिच्याकडे शब्द होते, पुष्कळ, सगळे शिकलेले. ती अर्जदारांच्या बाकावरून उठली. मधली जागा ओलांडून समोर गेली आणि प्रतिवादींच्या बाकावर बसली. पेंढारकरांनी तिच्याकडे पाहिलं, आणि काय करावं न सुचून आपली बॅग उचलून मांडीवर घेतली.

"मॅडम, ती जागा..." कारकून म्हणाला.

"असू दे," खासनीस म्हणाल्या.

दिगंबरही उठून मध्येच उभा होता. एका बाजूला त्याचं वीस वर्षांचं बाक होतं, दुसऱ्या बाजूला बहीण होती. वस्तीतली माणसं दाराशी दाटून त्याच्याकडे बघत होती. त्यानं एक पाऊल टाकलं, थांबला, खिशातून रुमाल काढला, परत ठेवला.

"बस की दिगू," आत्या म्हणाली. "कुटंबी बस. मला सांगायला येळ लागंल."